वीतभर माया

...खुंटीला दोरा, दोऱ्याला पिवळा कागद, आणि कागदावर जांभळ्या शाईत लिहिलेलं — क्र. १, सर्वांत जुनं. वारा आला की कागद पाठ फिरवायचा, कोरी बाजू दाखवायचा, मग काही आठवल्यासारखा पुन्हा वळून तेच सांगायचा, सर्वांत जुनं, सर्वांत जुनं. आणि मिस्त्री शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून ते वाचत होता, चष्मा कपाळावर सरकवून, कारण जवळचं त्याला चष्म्याशिवायच नीट दिसायचं आणि लांबचं बघण्यासारखं हल्ली फारसं उरलं नव्हतं. खुंटी त्याच्या ओळखीची होती. ओळखीची म्हणजे — त्यानंच ती तासली होती. बाविसाव्या वर्षी, याच खोलीबाहेर उकिडवं बसून. तासताना तर्जनीचं साल गेलं होतं, आणि रक्त बघून वडील धावत आले होते आणि म्हणाले होते, लाकडाला डाग नाही ना पडला?

म्हणजे खुंटीचं वय सेहेचाळीस. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसं दुसरं लग्न करतात, निवडणुकीला उभी राहतात, पोहायला शिकतात. खुंटी मात्र एकदम प्राचीन झाली होती, आणि तीही कुणाच्या शिफारशीशिवाय.

यात खुंटीचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर लाकडाचा... ओढ्याकाठची जुनी गिरणी पाडली त्या उन्हाळ्यात तिच्या तुळया वडिलांनी गाडीत घालून इथे आणल्या होत्या आणि त्यांतूनच ही दुधाची खोली उभी राहिली होती. वारसा समितीच्या बाईंनी तुळईचा चिमूटभर भुगा काचेच्या नळीत भरून प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, एकशे ऐंशी वर्षं. झालं. लाकडाचं वय निघालं, सुताराचं कोणी विचारलं नाही. शिवाय अख्ख्या खोलीत एकही खिळा नव्हता, नुसत्या खाचा आणि खुंट्या, त्यामुळे बाईंनी टिपणवहीत लिहिलं होतं की प्राचीन कारागीर लोखंडाचा स्पर्श अशुभ मानत असावेत. मिस्त्रीनं ते वाक्य त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं आणि मान डोलावली होती. खरी गोष्ट अशी की त्या वर्षी वडिलांचं आणि लोहाराचं वाजलं होतं. लोहारानं शिडी नेली ती परत केली नव्हती, वर तोंड वर करून म्हणाला होता की शिडी मुळात त्याचीच. त्यावर वडिलांनी चारचौघांत शपथ घेतली होती की या माणसाचा खिळा माझ्या लाकडाला लागणार नाही. वडील शपथेला पक्के होते. अकरा महिने त्यांनी खिळ्यावाचून काढले, आणि शिडीवाचूनही. त्यांच्या त्या रागातून पोरगा सांधे शिकला — असे सांधे, की पुढे लोक म्हणायला लागले, मिस्त्रीच्या सांध्यात केस जात नाही. एका शिडीनं किती माणसं घडवावीत याला काही माप नाही.

तो खाली उतरला. उतरताना सवयीनं तुळईवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

घर शेताच्या ऐन मध्यावर होतं. पुढे राहतं घर, त्याच्या पाठीला कोठार, आणि कोठाराला बिलगून ही दुधाची खोली; समोरच्या गोठ्यात आता माहितीपत्रकं ठेवायची होती. पाच पिढ्या इथे राहिल्या. प्रत्येक पिढीनं काहीतरी जोडलं, काहीतरी पाडलं, आणि प्रत्येक पिढीला वाटलं की आता घर पुरं झालं. समितीला हे पसंत नव्हतं. समितीचा नियम साधा होता आणि बाईंनी तो मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितला होता, लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तसा — मूळ ते ठेवायचं, नंतरचं ते काढायचं. राहत्या घराबद्दल वाद नव्हता. वाद मागच्या दोन खोल्यांचा होता. तोही खरं म्हणजे वाद नव्हता, कारण बाईंच्या मनात उत्तर तयार होतं. दुधाची खोली इतकी सुबक, इतकी नेटकी, म्हणजे ती मूळ. कोठार वाकडं, खिळे ठोकून ठोकून चाळण झालेलं, म्हणजे ते नंतर कुणीतरी घाईनं चिकटवलेलं. कोठाराचा भुगा त्यांनी पाठवलाच नव्हता. त्याच्याकडे बघूनच कळत होतं.

आणि मी? मी काय केलं?

महिन्यापूर्वी, तो याच शिडीवर, बाई खाली, मान वर करून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत — थट्टा नाही — पाणी होतं. म्हणाल्या, "मिस्त्री, केवढा थोर कारागीर असेल हो हा."

आणि मिस्त्री म्हणाला होता, "असेल."

एवढंच. एक शब्द. त्यात खोटं शोधून दाखवा. असेल म्हणजे असेल, नसेलही. पण हा शब्द बाईंनी वहीत नेला, वहीतून अहवालात, अहवालातून समितीत, आणि तिथून तो असा फोफावला की आता खोलीच्या दारात फलकासाठी दोन खड्डे खणून झाले होते. त्या रात्री त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली, मग डोळे पुसून म्हणाली, "सांगून टाका हो. नाहीतर उद्या तुमचा पुतळा बसवतील आणि खाली नाव लिहितील, अज्ञात." तो म्हणाला, सांगतो की. दुसऱ्या दिवशी सांगतो, म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेचा कागद घेऊन आल्या, आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरेवाला आला, आणि चौथ्या दिवशी मिस्त्रीच्या ध्यानात आलं की आपल्याला सांगायचं नाहीये.

कारण बोललो तर पाडायची फुली माझ्यावर. हिशेब सरळ होता. ही त्याची पहिली खोली. वडिलांनी बोट न लावता उभी करू दिलेली. त्यांनी फक्त कोठाराकडच्या टेकण्यांवर आढं चढवलं होतं, बाकी सगळी त्याची. पुढे त्यानं अडीचशे घरांना हात लावला असेल, पण हात लावणं वेगळं आणि... आणि नंतर कुणी विचारलंच असतं की मिस्त्री, तुमचं सगळ्यांत चांगलं काम कुठलं, तर त्यानं बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून जरा विचार केल्यासारखं करून हीच खोली दाखवली असती. कुणी विचारलं नव्हतं. आता न विचारता उत्तर मिळालं होतं — थोर कारागीर. हे माणसाला मेल्यावर मिळतं, तेही वर्गणी काढून. त्याला ते शिडीवर उभ्याउभ्या मिळालं होतं, आणि ते नाकारायला त्याला कारण दिसत नव्हतं. कोठार जातं तर जाऊ दे. त्याच्या बाजूला टेकणी आहेत तिथे चार नवे टेकू दिले की खोली शंभर वर्षं हलत नाही. त्याचा आराखडा त्यानं गेल्याच आठवड्यात मनात करून ठेवला होता. त्यात अपराधीपणा नव्हता, की झोप उडाली नव्हती. माझी खोली चांगली आहे म्हणून राहतेय. वशिल्यानं नाही.

अकराच्या सुमारास बाई आल्या. त्यांच्या हातात लाल खडू होता.

"चारला समितीचे साहेब येतायत. त्याआधी जे काढायचं त्यावर फुल्या हव्यात," त्या म्हणाल्या. "मी करणार होते. पण म्हटलं, हे काम तुमच्या हातून व्हावं. तुमच्या हाताला एक मान आहे."

"फुली मारायला कसला मान, बाई."

"असं कसं. उद्या कुणी म्हटलं, कुणाला विचारून पाडलं, तर मी म्हणेन, मिस्त्रींना." त्या हसल्या. मनानं फार चांगली बाई. गेले तीन महिने इथल्या धुळीनं खोकत होत्या, पण सुट्टी घेतली नव्हती. या घरावर त्यांचं जितकं प्रेम होतं तितकं घराच्या माणसांचंही नसेल. म्हणून तर पंचाईत होती. एखादा आडमुठा साहेब असता तर त्याला फसवण्यात मजा आली असती.

खडू खिशात टाकून तो कोठारात शिरला.

कोठाराशी त्याचं जुनं वैर. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा इथे पाऊल टाकलं तेव्हा तो मोठ्यानं हसला होता आणि वडिलांनी डोळे वटारले होते. मधला खांब दीड बोट कललेला — ओळंबा लावायची गरज नाही, उपाशी माणसालाही दिसावं. दर चार बोटांवर एक खिळा, चौकोनी डोक्याचा, जिथे दोन पुरले असते तिथे अकरा. आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट ही, की माणसाला साधी लांबी मोजता आली नव्हती: छताची प्रत्येक तुळई भिंत ओलांडून पलीकडे वीतभर बाहेर आलेली. एखादी चुकते. सगळ्या? वडील तेव्हा म्हणाले होते, आयती टेकणी मिळालीयेत, वापर. आणि त्या बाहेर आलेल्या टोकांवरच त्यांनी दुधाच्या खोलीचं आढं टेकवलं होतं. मिस्त्री पुढे आपल्या हाताखालच्या माणसांना हे कोठार उदाहरण म्हणून सांगायचा — लाकूड मोजायचं आधी, कापायचं मग. नाहीतर अमक्याच्या कोठारासारखे दात बाहेर येतात. लोक हसायचे. तो मात्र हसायचा नाही. विनोद सांगणाऱ्यानं हसू नये, हेही वडिलांचंच.

त्यानं खडू काढला. फुली कुठे मारावी, खांबावर की दारावर... दारावर शोभेल.

"मिस्त्री, चहा."

दारात धाकटे उभे होते. धाकटे म्हणजे घराचे मालक. वय एकसष्ट, पण थोरला भाऊ परगावी बसून अजून हुकूम सोडत असल्यामुळे धाकटेच राहिलेले. दोन कप एका हातात धरायची त्यांची लकब होती, त्यामुळे दोन्ही अर्धे असायचे.

"साखर आहे का?"

"बाईंनी केलाय. प्राचीन पद्धतीनं. म्हणजे नाही." ते उंबऱ्यावर टेकले आणि वर बघत बसले. "हे जाणार म्हणजे आज."

"फुली जाणार आज. कोठार सोमवारी."

"जाऊ दे. बाई म्हणतात नंतरचंय." घोट घेतला. "मी लहानपणी इथे लपायचो. आई हाका मारून मारून दमायची. या फटीतून मला दिसायची ती."

"फट होती म्हणून दिसायची. सुतारानं बांधलं असतं तर काही दिसलं नसतं."

"सुतार कुठला हो. शिंपी होता तो."

"कोण?"

"आमचा मूळपुरुष. आत्या सांगायची, दार लावून घेऊन. जमीन मिळाली तसा सुई-दोरा टाकून आला, आणि जे पहिलं बांधलं ते हे. आधी धान्य, मग माणसं. दोन वर्षं धान्याबरोबरच झोपले म्हणे." धाकट्यांनी आवाज उगाच खाली आणला, जणू समिती छतावर बसली होती. "थोरला म्हणाला, फलकावर शिंपी नको, फाटकं वाटतं. मग प्रगतिशील शेतकरी घातलं."

"बाईंना सांगितलंत का हे?"

"कशाला? आत्या काय, ती पुष्कळ सांगायची. ती म्हणायची विहिरीत हत्ती आहे. तुम्ही दुधाची खोली बांधलीत तेव्हा मी पंधराचा होतो, तेही कुठे बोललो? तुम्ही जाणकार माणसं बघताय ना सगळं, मग मी कशाला मध्ये." त्यांनी रिकामे कप उचलले. "तुम्ही म्हणाल ते खरं, मिस्त्री. लहानपणापासून."

ते गेले. कोठारात त्यांच्या मागे धूळ उठली आणि फटीतून आलेल्या उन्हात हळूहळू खाली बसायला लागली.

शिंपी.

मिस्त्री हसला, आधी तोंडात हसला, मग नाकातून, कारण आता ते दिसतच होतं, आणि एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं — दर चार बोटांवर एक खिळा, ओळीत, तिरका, एक असा एक तसा... टाके. या माणसानं कोठार बांधलं नव्हतं, शिवलं होतं. कोपऱ्यावर खिळे दुहेरी, काखेत घालतात तशी शिवण. दाराच्या चौकटीला आतून पट्टी, काजाला लावतात तशी. अरे वेड्या, त्याला म्हणावंसं वाटलं, अरे लाकूड आहे हे, उसवत नाही, एवढे टाके कशाला. आणि खांब कललाय तो कललाय, पण कापडाला कुठे ओळंबा असतो, कापड अंगावर बसलं म्हणजे झालं... तो हसत हसत भिंतीपाशी गेला आणि वर त्या वीतभर बाहेर गेलेल्या तुळयांकडे त्याची नजर गेली, आणि आता हे कशात बसवायचं, असं म्हणेपर्यंत त्याला खिडकीपाशी बसलेली बायको दिसली — तीस वर्षांपूर्वीची, मांडीवर मुलीचा झगा, दातात दोरा, कात्रीच्या टोकानं खालची शिवण उसवत असलेली. मुलगी एका सुट्टीत भसकन वाढली होती. शिवण सुटली तशी आतून दुमडलेली पट्टी निघाली, बाकीचा झगा विटलेला आणि ही पट्टी नव्यासारखी निळी, आणि तो जवळ उभा राहून म्हणाला होता, इतकी वर्षं एवढं कापड आत वाया गेलं की. मापात घ्यायचं होतं. तेव्हा तिनं दातातला दोरा काढला होता आणि त्याच्याकडे, बैल चुकीच्या गोठ्यात शिरल्यावर बघतात तसं, बघून म्हणाली होती, "वाया नाही हो. माया. एका अक्षराचाच फरक आहे, पण तुमच्या पटाशीला कळायचा नाही. पोर वाढणार हे काय मला माहीत नव्हतं?"

माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं, जास्तीचं, आज न लागणारं.

तर मग त्याला मोजता येत होतं. सगळ्यांत चांगलं मोजता येत होतं. आत हवी तेवढी तुळई आणि बाहेर वीतभर माया, प्रत्येक तुळईला, सारखी — मिस्त्रीनं मोजपट्टी काढली, बाहेर गेला, शिडी लावली, एकेक टोक मोजलं. नऊ इंच, नऊ, सव्वानऊ, नऊ. करवत सरकली असेल एखाद्या ठिकाणी. धान्यात झोपणारा माणूस, बायको शेजारी, अजून पोरं झालेली नाहीत, झालीच तर जगतील की नाही ठाऊक नाही, घर नाही, गोठा नाही, आणि हा वीतभर लाकूड बाहेर सोडतोय — कुणीतरी येईल, काहीतरी जोडेल, त्याला धरायला काही हवं. कोण येईल हे त्याला माहीत नव्हतं. शंभरेक वर्षांनी एक बावीस वर्षांचा शहाणा आला, त्याला हसला, आणि त्याच्या मायेवर आपलं आढं टेकवून पुढे आयुष्यभर त्याचीच गोष्ट चुकीचं काम म्हणून सांगत राहिला. वडिलांना कळलं होतं का? आयती मिळालीयेत, म्हणाले होते... आयती या शब्दात ते काय म्हणाले होते हे आता विचारायची सोय नव्हती.

त्याला लाज वाटली का? नाही, तसं म्हणता येणार नाही. लाज वाटायला काम वाईट असावं लागतं, आणि त्याचं काम वाईट नव्हतं, आताही त्याला त्यात केसाएवढी चूक सापडली नसती. कोठाराचा खांब अजूनही वाकडाच होता आणि त्याबद्दलचं त्याचं मत बदललं नव्हतं. पण शिडीवर उभं राहून दोन्ही खोल्या एकाच वेळी दिसत होत्या, एक दुसरीवर रेलून बसलेली, आणि इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की आपली सरळ आहे म्हणून ती वाकडी टिकलीय. ते उलटं होतं. फक्त उलटं होतं, बाकी काही नाही. एखादा सदरा उलटा घातलाय हे दुपारी ध्यानात यावं तसं. सदरा तोच, अंगही तेच, पण सकाळपासून भेटलेले सगळे लोक एकदम आठवायला लागतात.

"मिस्त्री?" खालून बाईंचा आवाज. त्यांच्या काखेत वही, पेन्सिल कानावर. "फुली दिसत नाहीये कुठे. सव्वातीन झाले."

"मारली नाही अजून."

"खडू हरवला का?"

"आहे खिशात."

"मग?" त्यांनी वर पाहिलं. मग गमतीनं, त्याला मोठेपणा देत म्हणाल्या, "का तुमच्या त्या थोर कारागिराला विचारताय?"

एरवी तो चटकन काही बोलला असता. बोलणं त्याला कधी कमी पडलं नव्हतं, आणि आत्ताही पडलं नव्हतं — शब्द तोंडात होते, दोन-तीन प्रकारचे होते, एक शिडीची गोष्ट सांगणारे, एक शिंप्याचे, आणि एक अगदी छोटा, महिन्यापूर्वीसारखा, जो म्हटला की सगळं आपोआप सुरळीत झालं असतं. त्याला भीती वाटत नव्हती. त्याला घाईही वाटत नव्हती, आणि हेच त्याला नवं होतं.

"सांगतो, बाई," तो म्हणाला. "बसा जरा. लांबण आहे."

बाईंनी इकडेतिकडे बघून एक उलटी बादली ओढली, तिच्यावर बसल्या, वही उघडली. पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं.

पण तो लगेच उतरला नाही. शिडी सरकवत सरकवत तो आपल्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिकडे कोठार नव्हतं, शेत होतं, मोकळं. आणि तिथे आपल्या तुळयांची टोकं त्यानं पाहिली. भिंतीशी बरोब्बर. एक रेषा. त्या दिवशी शेवटचं टोक कापून झाल्यावर त्यानं वडिलांना बोलावून आणलं होतं, त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला होता आणि तळवा कुठेही अडला नव्हता, आणि ते काही न बोलता निघून गेले होते, आणि त्यानं ते न बोलणं सेहेचाळीस वर्षं शाबासकी म्हणून जपलं होतं. इथे कुणाला काही जोडायचं असतं तर धरायला काही नव्हतं. कुणी आलंही नव्हतं.

"मिस्त्री, मी तयार आहे," बाई खालून म्हणाल्या.

"हो हो," तो म्हणाला, आणि एका टोकावरून दुसऱ्या टोकावर बोटं फिरवत राहिला, सावकाश, डोळे मिटून, पुन्हा पहिल्यापासून — एखाद्या ठिकाणी, चुकून का होईना, बोटभर तरी आपल्या हातून जास्त सुटलं असेल म्हणून.